प्रबंधात एआयची मदत: किती घ्यायची आणि कशी दाखवायची?

रावपुरा_कन्या, बडोदा

लघुप्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की बडोद्यातल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "मुलीने एआयकडून इंग्रजी सुधारून घेतलं तर चालेल ना?" "गाइड म्हणतात हातच लावायचा नाही, वर्गात तर सगळेच वापरतात, आम्ही करायचं काय?" मी समाजशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करते. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहिते.

माझं म्हणणं एका ओळीत: भाषेची मदत घ्या, पुराव्याची आणि निष्कर्षाची घेऊ नका, आणि जी घेतली ती प्रबंधातच लिहून ठेवा.

सरसकट बंदी मला मान्य नाही, आणि त्याचं कारण आपल्याच घरांत आहे. इथल्या कितीतरी मराठी घरांतलं पोर घरी मराठी बोलतं, शाळा गुजराती माध्यमाची करतं, आणि एम.ए.ला आल्यावर त्याला एकदम शंभरेक पानं इंग्रजीत लिहायची असतात. मुलाखती गुजरातीत घेतलेल्या, विचार मराठीत चाललेला, वाक्य इंग्रजीत. पूर्वी ज्यांच्या घरात कोणी इंग्रजीचे प्राध्यापक असत त्यांच्या प्रबंधावर घरच्या घरी हात फिरत असे. ज्यांच्याकडे पैसे होते ते बाहेरून भाषा तपासून घेत. त्याला कोणी गैर म्हटलं नाही. तीच सोय आता दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलीला मिळते आहे, तर ती काढून घ्या असं मी म्हणणार नाही.

पण "भाषा सुधारणे" या नावाखाली काय काय बदलतं ते बघायला हवं. माझ्या एका विद्यार्थिनीने खंडेराव मार्केटमधल्या भाजीवाल्यांवर काम केलं. तिचं वाक्य इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते:

"मी ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी बऱ्याच विक्रेत्या स्त्रियांनी सांगितलं की भाजी ऑनलाइन घरपोच मिळू लागल्यापासून सकाळचं गिऱ्हाईक कमी झालं आहे."

व्याकरणात किरकोळ चुका होत्या. टूलला नुसतं "सुधारून दे" म्हटल्यावर आलेलं वाक्य असं:

"ऑनलाइन वितरणामुळे शहरातील पारंपरिक भाजीविक्रेत्यांच्या उपजीविकेवर लक्षणीय परिणाम झाला आहे."

वाचायला छान, आणि संशोधन म्हणून सगळं बिघडलेलं. "मी ज्यांच्याशी बोलले" गेलं, म्हणजे एका बाजारातल्या ओळखीच्या बायकांचं म्हणणं अख्ख्या शहराचं झालं. "सांगितलं" गेलं, म्हणजे त्यांचा अनुभव आता संशोधिकेने सिद्ध केलेली गोष्ट झाली. स्त्रिया गेल्या, आणि तिचा विषयच तर त्या होत्या. "सकाळचं गिऱ्हाईक" ही नेमकी, मोजता येईल अशी गोष्ट जाऊन "उपजीविका" आली. "पासून"चं "मुळे" झालं, म्हणजे आधी-नंतरचा संबंध कार्यकारण झाला. आणि "लक्षणीय"! संख्याशास्त्रात त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार की कोणती चाचणी लावलीस. तिने कुठलीच चाचणी लावलेली नव्हती, तिच्या कामाला तिची गरजही नव्हती.

टूलचा यात हेतू काहीच नाही. पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त, या अंदाजावर ते वाक्य रचतं. शोधनिबंधांत जी वाक्यं पुन्हा पुन्हा येतात त्यांच्याकडेच ते झुकणार. तुमच्या वहीत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नसतं, ते फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते: पहिला मसुदा तुमचाच, कितीही मोडकातोडका असो. इंग्रजी सुचत नसेल तिथे मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, पण तुम्ही लिहा. मग एकेक परिच्छेद द्या आणि सूचना अशी द्या: "चुका दाखव, कारण सांग, वाक्य नव्याने लिहू नकोस." दुरुस्ती स्वतःच्या हाताने करा. शेवटी जुनं आणि नवं शेजारी ठेवून तीन प्रश्न विचारा: कोणाबद्दल बोलतोय, किती जणांबद्दल, आणि किती खात्रीने. या तिन्हींत काही हललं असेल तर जुनं वाक्य परत आणा.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. शिकवणारे, शिकणारे, पालक, सगळेच लिहा.


ग्रंथालय_सेवक, बडोदा

ताई, धागा वेळेवर काढलात. मी निवृत्त ग्रंथपाल, अजूनही आठवड्यातून काही वेळा मुलांना संदर्भ शोधून द्यायला बसतो. माझ्या बाजूने संदर्भसूचीबद्दल लिहितो, कारण आज सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे.

मुलं यादी घेऊन येतात, "काका, हे लेख मिळत नाहीत." मिळणार कसे, ते लिहिलेच गेलेले नाहीत. लेखक खरा, नियतकालिक खरं, शीर्षक अगदी पटण्यासारखं, खंड आणि पानांचे आकडेही दिलेले; लेख मात्र अस्तित्वातच नाही. २०२३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये याची मोजणी प्रसिद्ध झाली होती. चॅटजीपीटीच्या ३.५ आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के बनावट निघाले, ४ या आवृत्तीचे १८ टक्के. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अस्तित्वात नसलेले खटले दाखले म्हणून कोर्टात दिले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. नवी टूल्स इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, त्यामुळे निव्वळ बनावट लेख कमी झाले. पण आता दुसरी अडचण दिसते: लेख खरा असतो, दुवा उघडतो, आणि आत ते विधानच नसतं ज्यासाठी तो दिलाय. ही चूक पकडणं जास्त कठीण, कारण लेख उघडून वाचल्याशिवाय ती कळतच नाही.

तपासायची रीत सोपी आहे. डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाका, शीर्षक आणि लेखक जुळतात का बघा. प्रबंधाचा संदर्भ असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, बघा. ती चालवणारं इन्फ्लिबनेट केंद्र आपल्या शेजारी गांधीनगरलाच आहे. जुन्या मराठी, गुजराती, संस्कृत पुस्तकांना डीओआय नसतो. तिथे कपाटापर्यंत चालत जाण्याला पर्याय नाही.

बडोद्यात राहून एक गोष्ट तर माहीत हवीच. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत काढली. तिच्यातले सर्ग-श्लोकांचे आकडे प्रचलित छापील रामायणाशी जुळत नाहीत, कारण हस्तलिखितं ताडून पाहताना बरेच श्लोक मूळ पाठातून काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले गेले. टूलला श्लोकाचा आकडा विचारला तर ते प्रचलित आवृत्तीचा आकडा देतं आणि नाव बडोदा आवृत्तीचं लावतं. संस्कृतच्या मुलांच्या टिपणांत मी हे पाहिलं आहे. ज्या शहरात विद्वानांनी आयुष्याची वर्षं घालून एकेक पाठभेद नोंदवला, त्याच शहरातल्या प्रबंधात असा संदर्भ जावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्रंथ इथेच आहे, जाऊन बघा.

आणखी एक. "प्लॅगरिझम रिपोर्ट" आणि "एआय रिपोर्ट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पालक सर्रास गल्लत करतात. यूजीसीचे २०१८चे नियम साम्याबद्दल आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे टक्के दुसऱ्याच्या मजकुराशी जुळण्याचे आहेत. एआयने लिहिलेला मजकूर कोणाशीच न जुळता शून्य साम्य दाखवू शकतो. म्हणून "साम्य चार टक्के आलं, आता चिंता नाही" असं समजू नका.


कमाटीबाग_वाचक, बडोदा

नमस्कार. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव देत नाही. माझ्या एका सेमिनार पेपरवर "७८ टक्के एआय" असा शेरा आला. पेपर मी लिहिला होता. आधी हाताने वहीत, मग टाइप करून. शब्दकोश सोडून काही वापरलं नव्हतं. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे इंग्रजी तुझं?" मला त्या क्षणी इंग्रजीत उत्तर देता आलं नाही, आणि मग तोच पुरावा ठरला. पेपर पुन्हा लिहायला सांगितला. दुसऱ्यांदा मी मुद्दाम अवघड शब्द आणि लांब वाक्यं घातली. तो मान्य झाला.

पहिला पेपर चांगला होता. आता लघुप्रबंधात असंच झालं तर काय करायचं, हे कोणी सांगेल का?


इंदूरचा_संगणकवाला, इंदूर

कमाटीबाग_वाचक, तुझ्या बाबतीत अन्याय झाला आणि त्यामागचं कारण तांत्रिक आहे. ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी सरांशी शांतपणे बोलता येईल.

ओळख पटवणारी ही टूल्स ढोबळमानाने बघतात की मजकुरातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. जो मजकूर फार अपेक्षित वाटेल त्याला ती यंत्राचा म्हणतात. आता ज्याची इंग्रजी ही तिसरी भाषा आहे तो काय लिहितो? आटोपशीर वाक्यं, ओळखीचे शब्द, शाळेत शिकवलेली रचना. म्हणजे नेमकं अपेक्षित. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली सात डिटेक्टर घेऊन परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांच्यातून काढले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले गेले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. तू दुसऱ्यांदा अवघड शब्द घातलेस आणि पेपर पास झाला, ते याच्याशी अगदी जुळतं.

खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं टूल काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडला गेला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के चुकीने एआयचा ठरला. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद केलं. साम्य तपासणाऱ्या टर्निटिन या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये एआय ओळखण्याची आपली सोय आणली, तर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्टमध्ये ती बंद ठेवायचं ठरवलं. फक्त त्या आकड्यावर कारवाई करू नये असं टर्निटिनही सांगतं.

साम्याच्या अहवालात निदान मूळ मजकूर शेजारी दिसतो, दोन्ही वाचून माणूस ठरवू शकतो. एआयच्या टक्क्यांत शेजारी काहीच नसतं, नुसता आकडा. त्यावर कोणाचं वर्ष अडवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता करायचं काय. गूगल डॉक्समध्ये किंवा वर्डमध्ये ऑनलाइन साठवून लिही, म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो: कधी कोणता परिच्छेद आला, काय खोडलं. हाताने लिहीत असशील तर वहीच्या पानांचे फोटो काढून ठेव, तारीख फोनमध्येच नोंदली जाते. मुलाखतींची टिपणं, वाचलेल्या लेखांवरच्या समासातल्या नोंदी, गाइडना पाठवलेले ईमेल, काही टाकू नकोस. आणि शंका आली तर स्वतःहून म्हण, "सर, तोंडी विचारा, मराठी-गुजरातीतही उत्तर देऊ द्या." विषय तुझा असेल तर भाषा बदलली तरी उत्तर येतंच.


लष्कर_ग्वाल्हेर, ग्वाल्हेर

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि हिंदी शिकवलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो.

रावपुरा ताई म्हणतात भाषेची मदत घ्या, विचाराची नको. पण लिहिताना विचार होतो, आधी होऊन मग लिहिला जात नाही. वाक्य अडतं तेव्हा बहुतेक वेळा विचारच अडलेला असतो. त्या क्षणी मूल टूलकडे गेलं तर अडलेलं वाक्य सुटतं आणि विचार तिथेच राहतो. वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे, निबंध खोडून खोडून लिहिणारं मूल पुढे जातं, मार्गदर्शक पुस्तकातून उतरवणारं मागे राहतं. आज मार्गदर्शक पुस्तकाची जागा या टूलने घेतली आहे, आणि त्यातून उतरवलेलं ओळखूही येत नाही.

पदवीच्या मुलांना तरी पूर्ण बंदी असावी असं मला वाटतं.


रावपुरा_कन्या, बडोदा

सर, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, त्यातला मोठा भाग मला पटतो. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, जिथे लिहायलाच शिकायचं आहे, तिथे टूल बाजूला ठेवायला हवं. त्यासाठी नियमापेक्षा पद्धत उपयोगी पडते: वर्गात बसून, कागदावर, छोटा मजकूर लिहून घेणं आणि त्यावर लगेच बोलणं. घरून आणलेल्या दहा पानांपेक्षा वर्गात लिहिलेल्या दीड पानातून मला मुलगी जास्त कळते.

पण प्रबंधाच्या पातळीवर फरक आहे. खंडेराव मार्केटच्या त्या मुलीचा विचार अडला नव्हता. तिने मराठीत मला पंधरा मिनिटं सलग, मुद्देसूद सांगितलं. तिचं अडलं होतं ते इंग्रजी क्रियापदाच्या काळापाशी. तिथे मदत नाकारून आपण तिला विचार करायला लावत नाही, फक्त मागे ठेवतो. म्हणून माझी अट पहिल्या मसुद्याची. तो तिने स्वतः लिहिलेला असेल तर अडून विचार करण्याचं काम, जे तुम्ही म्हणता, ते झालेलं असतं.

कमाटीबाग_वाचक, तुझा अनुभव वाचून फार वाईट वाटलं. सगळ्यांसमोर असं विचारणं चूकच. संगणकवाल्यांनी सांगितलेलं सगळं कर. आणि लघुप्रबंधाचा पहिला मसुदा, अर्धवट असला तरी, गाइडकडे लवकर दे. ज्या गाइडने काम वाढताना पाहिलं आहे त्याला टक्क्यांची गरज पडत नाही.


मोडी_वाचक, बडोदा

इतिहासाच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो. गायकवाडी काळातल्या मराठी कागदांवर माझं काम चालू आहे. हे कागद मोडीत आहेत. गेल्या दोनेक वर्षांत नवे विद्यार्थी कागदाचा फोटो काढून टूलला देतात आणि देवनागरीत "वाचन" घेऊन येतात. ते वाचन इतकं सफाईदार असतं की शंकाच येत नाही. आणि मला नेमकी तिथेच शंका येते.

मोडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, अशी ही लिपी. शब्दांच्या मध्ये जागा नाही. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, त्यात प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. म्हणजे वाचणाऱ्याला जागोजाग ठरवावं लागतं, आणि ठरवायला त्या काळाची, माणसांची, कारभाराची माहिती लागते. जिथे ठरत नाही तिथे आम्ही कंसात प्रश्नचिन्ह घालतो. टूल प्रश्नचिन्ह क्वचितच घालतं.

पत्राचा मायना तर ठरलेलाच: "अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री", पुढे नाव, मग "गोसावी यांसी". एका विद्यार्थ्याने आणलेल्या फोटोत कागदाचा वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला होता, मायन्याचा अर्धा भाग नव्हताच. टूलच्या वाचनात मायना पूर्ण होता, नावासकट. कागदावर नसलेलं नाव पत्राचा मालक होऊन बसलं.

सालाचं उदाहरण याहून गंभीर. त्या काळी सुहूर सन या कालगणनेतलं साल अरबी संख्याशब्दांत लिहीत, आधी एकम, मग दहम, मग शतक, मग हजार. "सन खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार: ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण हे साल मृगाला बदलतं. म्हणजे १७७४-७५. आता घाईच्या हातात "सबैन" आणि "तिसैन" यांत गोंधळ होऊ शकतो. तिसैन म्हणजे नव्वद. साल होतं ११९५, म्हणजे १७९४-९५. एका शब्दात वीस वर्षं सरकली. पहिल्या सालात दमाजीराव गायकवाडांच्या मागे गोविंदराव आणि फत्तेसिंगराव यांच्यात गादीचा वाद पेटलेला आहे. दुसऱ्या सालात फत्तेसिंगराव हयात नाहीत आणि गोविंदराव गादीवर आहेत. पत्रातल्या "सरकार" या शब्दाचा अर्थच बदलतो. यावर प्रकरण उभं केलं तर सगळं प्रकरण पडतं.

जाणता वाचक काय करतो? साल वाचल्यावर चंद्र म्हणजे महिना-तारीख, वार, पत्रातली माणसं हयात होती का, शेजारच्या कागदांचा क्रम, हे सगळं ताडून बघतो. हे काम विद्यार्थ्याला येत नसेल तर टूलचं वाचन बरोबर की चूक हे त्याला कळायला मार्गच नाही. ज्या गोष्टीची चूक तुम्हाला पकडता येत नाही ती टूलकडून करून घेऊ नका. मोडी शिकायला काही महिने लागतात, सरावाला आणखी वेळ, पण शिकता येते.

मी टूल वापरतो का? हो. स्वतः वाचून देवनागरीत उतरवलेल्या कागदांची गावांची, माणसांची सूची करायला फार उपयोग होतो. दिवसांचं काम तासांत होतं. ती सूची मग मूळ प्रतीशी ताडतो, आणि पद्धतीच्या प्रकरणात हे लिहिलेलं आहे.


मांडवी_ते_मकरपुरा, बडोदा

वाचनखूण साठवली. सालाचा परिच्छेद मुलाला वाचून दाखवला, तो इतिहासातच आहे. मोडी_वाचक, मोडी शिकवणारं कोणी बडोद्यात असेल तर कळवाल का?


मोडी_वाचक, बडोदा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


अलकापुरी_आकडे, बडोदा

मी वैद्यकीय संशोधनात आकडेवारीचं काम करते. एक मुद्दा अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहिते.

मुलाखती आणि रुग्णांचे तपशील थेट टूलमध्ये टाकणं. सारांश करून हवा म्हणून मुलं अख्खी मुलाखत चिकटवतात: नाव, वस्ती, आजार, नवऱ्याचं व्यसन, कर्ज, सगळं. त्या बाईने संमतिपत्रावर सही केली ती तुमच्या अभ्यासासाठी. परदेशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर तिचं आयुष्य जाईल हे तिला कोणी सांगितलेलं नाही. खाजगी डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला आहे, आणि नीतिसमितीला दिलेल्या अर्जात तुम्ही गोपनीयतेची हमी लिहून दिलेली असते. नाव काढलं म्हणजे झालं असंही नाही. "मार्केटच्या उत्तर दरवाजाजवळ लिंबू विकणारी विधवा" एवढ्यावरून तिथला कोणीही तिला ओळखेल.

परीक्षकांनीही हे पाळायचं आहे. दुसऱ्याचा अप्रकाशित प्रबंध किंवा लेख सारांशासाठी टूलला देऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये अनुदानाचे अर्ज तपासताना याला सरळ मनाई केली, कारण गोपनीयता.


कमाटीबाग_वाचक, बडोदा

सगळ्यांचे आभार, संगणकवाले दादांचे विशेष. गूगल डॉक्स सुरू केलं. ताई, एक विचारू? "प्रबंधातच लिहून ठेवा" म्हणजे नेमकं काय आणि कुठे लिहायचं? ऋणनिर्देशात? लिहिलं तर गुण कापतील अशी भीती सगळ्यांना आहे. वर्गात कोणीच लिहीत नाही.


रावपुरा_कन्या, बडोदा

ऋणनिर्देशात नको, ते आभाराचं पान आहे. पद्धतीच्या प्रकरणात, मुलाखती कशा घेतल्या हे जिथे सांगतोस तिथेच, एक छोटा परिच्छेद. टूलला सहलेखक म्हणून कुठेही लावायचं नाही. प्रकाशनातल्या नीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं: लेखक तो, जो मजकुराची जबाबदारी घेऊ शकतो, आणि टूल ती घेऊ शकत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीनेही त्याच वर्षी मे महिन्यात तसंच म्हटलं आणि वापर जाहीर करायला सांगितला.

त्या विद्यार्थिनीने लिहिलेला परिच्छेद तिच्या परवानगीने, मराठीत करून देते:

"या प्रबंधाचा मसुदा मी स्वतः लिहिला. प्रकरण २ ते ५ मधील इंग्रजी व्याकरणाच्या चुका शोधण्यासाठी एआय टूल वापरले; टूलचे नाव, आवृत्ती आणि वापराचा काळ परिशिष्टात दिला आहे. सुचवलेल्या दुरुस्त्या मी एकेक तपासून स्वीकारल्या किंवा नाकारल्या. मुलाखतींचे गुजरातीतून इंग्रजीत भाषांतर मी केले. मुलाखतींचा मजकूर कोणत्याही टूलमध्ये घातलेला नाही. संदर्भ शोधणे, विश्लेषण आणि निष्कर्ष यांसाठी टूल वापरलेले नाही."

बघ, यात काय केलं नाही तेही लिहिलं आहे. परीक्षकाला तेच जास्त उपयोगी पडतं. आणि यातलं प्रत्येक वाक्य खरं असायला हवं, दुसऱ्याचा परिच्छेद उचलून चिकटवायचा नाही.

गुणांची भीती रास्त आहे, ती मी उडवून लावत नाही. म्हणून आधीच गाइडना ईमेलने विचार: "मला व्याकरण तपासायला टूल वापरायचं आहे, परवानगी आहे का, विभागाचा काही नियम आहे का?" लेखी उत्तर येऊ दे. ते नाही म्हणाले तर वापरू नकोस, वाद घालायचा असेल तर प्रबंध सुरू होण्याआधी घाल. हो म्हणाले तर ते उत्तर जपून ठेव. मग नंतर कोणी काही म्हटलं तरी तू लपवलंस असं म्हणू शकणार नाही.

आणि इंग्रजीचं एखादं प्रकरण माणसाने वाचावं असं वाटत असेल तर मला पाठव. शनिवारी दुपारी मी रिकामी असते.


ग्रंथालय_सेवक, बडोदा

संदर्भसूची माझ्याकडे घेऊन ये. आणताना प्रत्येक नोंदीपुढे लिहून आण की तो लेख तू पूर्ण वाचलास, नुसता सारांश वाचलास, की दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलास. तिसऱ्या प्रकारच्या नोंदी आपण बसून शोधू.